जावई, कालवा आणि डेमी

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. श्रीफळाची त्याच आठवड्यात चटणी झाली, शाल सासूबाईंनी इस्त्रीखाली अंथरली आणि घड्याळ दोन वर्षांनी पाऊण वाजता थांबलं ते थांबलंच. एवढं सगळं संपल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. शंभरपानी तीन वह्या झाल्या. नीरेच्या डाव्या कालव्यावर गेलेली नोकरी, उन्हाळ्यातली आवर्तनं, पाटकरी, रात्री-अपरात्री परस्पर गेट उघडणारे बागाईतदार आणि सकाळी त्यांच्याच घरी चहा घ्यावा लागणारे सासरे, असा एकूण ऐवज. नावही ठरलं होतं, ‘शेवटच्या शेतापर्यंत’. कालव्याच्या तोंडाशी पाणी कुणालाही मिळतं, शेपटाकडच्याला मिळालं तर खरं खातं, हे त्यांचं जन्मभराचं म्हणणं.

वह्या त्यांनी गावातल्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पेनड्राइव्ह चष्म्याच्या घरात ठेवला, घराला रबरबँड लावला आणि एका रविवारी सकाळी आमच्याकडे पुण्याला आले.

“जावईबापू, तुम्ही कम्प्युटरमध्ये आहात. एवढं जरा पुस्तकासारखं करून द्या. रविवारचं तर काम.”

मी कम्प्युटरमध्ये आहे हे खरं. पण तिथे मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पगारपत्रकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. वर्डशी माझा संबंध रजेच्या अर्जापुरता. तसं सांगायला तोंड उघडलं होतं, पण अधिकमासात चांदीच्या ताटात ३३ अनारसे घेतलेल्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार उरत नाही. आषाढ चालू होता. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत होऊन जाईल. कुठली दिवाळी ते सांगितलं नाही, एवढंच काय ते शहाणपण केलं.

फाइल उघडली. पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं आणि मधूनमधून डॉलर. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं. सासरे शांतपणे म्हणाले, “तिकडे तर नीट दिसत होतं.”

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की देव्हाऱ्यात लावायला हरकत नाही. गोष्ट अशी, की युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये टाइप केलेली मराठी ही आतून मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं बसलेली असतात, त्यांच्या अंगावर नुसता देवनागरीचा अंगरखा. तो फॉन्ट ज्या कम्प्युटरवर नाही तिथे अंगरखा गळून पडतो. शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापला अंगरखा वेगळा शिवलेला. एकाचा क तो दुसऱ्याचा म. गावोगावचे टायपिंगवाले आणि छापखाने अजूनही त्यावर चालतात, आणि चालतात म्हणूनच बदलत नाहीत.

मग इंटरनेटवर एक परिवर्तक सापडला. एका चौकटीत हा कचरा ओतायचा, दुसऱ्या चौकटीतून मराठी बाहेर येते. आली. सासऱ्यांना भरून आलं. पण चाळणीतून गव्हाबरोबर खडा यावा तसं एक अक्षर चुकीचं आलं होतं. ‘ऱ्य’. तो आडवा, पापणीसारखा र, परिवर्तकाला माहीतच नव्हता. त्याने सगळीकडे सरसकट रफार चढवला होता.

अमराठी माणसाला हा फरक सांगून पटत नाही. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जिलब्या. आणि पाटबंधारे खात्याइतकं ‘ऱ्य’वर चालणारं दुसरं खातं नसेल. शेतकऱ्यांना, पाटकऱ्यांना, अधिकाऱ्यांना, बंधाऱ्यावर, पोटचाऱ्यांमधून. नुसता ‘शेतकर्यां’ ४१२ ठिकाणी होता. वाचताना दर ओळीला दाताखाली वाळू.

मी चुका शोधणारा माणूस. मनात म्हटलं, हे तर दोन मिनिटांचं काम. फाइंड अँड रिप्लेस उघडलं, ‘र्य’ शोधायला सांगितला, त्याच्या जागी ‘ऱ्य’ घालायला सांगितला आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. १,१०६ बदल केले, असं वर्डने कळवलं. मी फाइल सेव्ह करून चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा सासरे मोठ्याने वाचत होते. “सूऱ्योदयाच्या वेळी मी काऱ्यालयात पोचलो. काऱ्यकारी अभियंता धैऱ्याने उभे होते.” थांबून ते म्हणाले, “हे कोकणातले कुणी वाटतात.” मी माऊसकडे धावलो, पण तोवर ते कौटुंबिक प्रकरणावर आले होते. तिथे त्यांनी जुन्या वळणाने ‘माझी भार्या’ असं लिहिलं होतं, त्याचं ‘माझी भाऱ्या’ झालं होतं. सासूबाई आतून परात घेऊनच बाहेर आल्या. “भाऱ्या म्हणजे? मी काय डोक्यावरचा भारा आहे?”

शेवटी एकेक ‘र्य’ थांबवून विचारत गेलो. हा शेतकऱ्यातला की सूर्यातला? १,१०६ वेळा. त्यात दोन रविवार गेले आणि आमच्या दोघांच्या स्वप्नात रफार यायला लागले.

मजकूर मराठी झाला. आता फॉन्ट. वर्डने परस्पर ‘मंगल’ लावला होता. सासरे पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाले, “हा ल कुणाचा?” ल हिंदीचा होता, दंडाचा. श सुद्धा गाठीचा. आपला ल दोन पाकळ्यांचा आणि श शेंडीचा, हे त्यांना शाळेत पट्टी खाऊन शिकवलेलं. मी सांगितलं की मराठीचा ल आणि श कसा काढावा याचा २००९ साली राज्य सरकारने शासननिर्णयच काढला आहे. त्यावर त्यांचा चेहरा खुलला. “जी.आर. आहे ना? मग चर्चा कसली? अंमलबजावणी करा.”

म्हणून फॉन्टची यादी मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. कोकिळा, अपराजिता, मुक्ता. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, “कुणाच्या मुली या? पत्रिका आल्यात का?” शेवटी राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ घेतला. फुकट होता आणि ल आपला होता.

मग मी एक आगाऊपणा केला. वर्डमध्ये ते पाठमोऱ्या पीसारखं चिन्ह असतं, ज्याच्यावर टिचकी मारली की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात, ते दाबलं. पानावर मुंग्या पसरल्या. प्रत्येक मुंगी म्हणजे स्पेसबारचा एक ठोका. टायपिंगवाल्याने प्रकरणाचं नाव मधोमध आणायला ३४ वेळा स्पेसबार दाबला होता. परिच्छेद आत ढकलायला सात. एका ठिकाणी आठ, तेव्हा बहुधा चहा आला असावा. नवीन प्रकरण नवीन पानावर जावं म्हणून एंटर, एंटर, एंटर, पान संपेपर्यंत. वर एक शब्द घातला की खालची सगळी प्रकरणं एकेक ओळ सरकत. पाचव्या प्रकरणाचं नाव चौथ्याच्या शेवटच्या पानावर तळाशी एकटंच येऊन बसलं होतं, गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखं.

टायपिंगवाल्याला हसण्यात अर्थ नाही. टाइपरायटरवर शिकलेला माणूस, त्याला जागा सोडायची म्हणजे पट्टी दाबायची हेच माहीत. आणि आपण बाकीचे काय वेगळं करतो? मी आजवर केलेल्या रजेच्या प्रत्येक अर्जात ‘आपला विश्वासू’ उजवीकडे नेण्यासाठी निदान ४० मुंग्या मारलेल्या आहेत. झाडून साऱ्या मुंग्या काढल्या, तेव्हा एकूण मजकूर ए-फोर कागदावर ११२ पानं भरला.

“ए-फोर म्हणजे अर्ज,” सासरे म्हणाले. “पुस्तक म्हणजे डेमी.” हा शब्द त्यांनी कुठून आणला माहीत नाही, पण बरोबर होता. डेमी एक अष्टमांश, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. मराठी कादंबरी म्हणून जी वस्तू आपल्या हातात येते ती बहुतेक या मापाची. सासऱ्यांनी माझ्या कपाटातली पुस्तकं काढली आणि फूटपट्टीने समास मोजायला लागले. वरचा इतका, खालचा इतका, आतला इतका. एका वहीत रकाने आखून मोजमाप पुस्तकासारख्या, म्हणजे खात्यातल्या एम.बी.सारख्या नोंदी केल्या, शेवटी सही आणि तारीख. खात्यात ३४ वर्षं झाल्यावर माणूस पोळीचीही एम.बी. भरतो.

समास लावताना मी म्हटलं, “आता गटर अर्धा इंच देऊ.”

“पुस्तकात गटर?” ते तटकन उठले. “मी जन्मभर कालवे केले. गटारं नगरपालिकेची.”

त्यांना समजावून सांगितलं की दोन पानं जिथे शिवली किंवा चिकटवली जातात ती आतली जागा. तिथे जास्तीचा समास ठेवला नाही तर प्रत्येक ओळीचे दोन शब्द पुस्तकाच्या पोटात जातात आणि वाचणाऱ्याला पुस्तक फाकवावं लागतं, मग पाठ मोडते. डाव्या पानाला तो समास उजवीकडे, उजव्या पानाला डावीकडे, म्हणून ‘मिरर मार्जिन्स’. हे ऐकल्यावर ते म्हणाले, “म्हणजे भराव. दोन्ही काठांना सारखा नाही, जिकडे दाब जास्त तिकडे रुंद.” मी हो म्हटलं. मला भरावातलं काही कळत नाही, पण त्यांना गटरातलं कळलं होतं.

पुढे जे झालं त्याने मात्र माझा आयटीतला सगळा माज उतरला.

पुस्तकात पानाच्या माथ्यावर डावीकडे पुस्तकाचं नाव असतं आणि उजवीकडे त्या त्या प्रकरणाचं. मी पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर ‘बालपण’ लिहिलं. सगळ्या पुस्तकावर ‘बालपण’ आलं. चौथ्या प्रकरणात जाऊन ते खोडून ‘पहिली बदली’ लिहिलं. आता सगळ्यांच्याच डोक्यावर ‘पहिली बदली’, सासऱ्यांच्या जन्माच्या पानावरसुद्धा. कुणीतरी सांगितलं की प्रकरणांच्या मध्ये ‘सेक्शन ब्रेक’ घाल. घातले. तरी तेच. पुढच्या सेक्शनमध्ये लिहावं तर मागचं बदलतं. आठ दिवस मी ऑफिसातून आल्यावर रोज तेच करत होतो. बायको म्हणाली, “अरे, तू बाबांना स्पष्ट सांग ना, नाही जमत म्हणून.” नाही जमत हे मला पगारपत्रकाच्या बाबतीत सांगता येतं, बाबांच्या बाबतीत नाही.

रविवारी सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी त्यांना सगळं दाखवलं. माथ्याच्या पट्टीत कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सेम ॲज प्रीव्हिअस’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी बोट ठेवलं.

“हे काय म्हणतंय?”

“आधीच्यासारखंच.”

“मग गेट उघडंच आहे की.” ते मागे रेलले. “तुम्ही वितरिका काढल्यात, चाऱ्या काढल्यात, सगळं झकास. पण मधली गेटं उघडी. वरून जे पाणी सुटेल तेच खाली येणार. खालच्या चारीत वेगळं पाणी सोडायचं तर आधी तिचं गेट पाडा, मग सोडा. प्रत्येक चारीचं वेगळं गेट, प्रत्येक गेट पाडावं लागेल. कुणी पाटकरी नाही का ठेवला या वर्डवाल्यांनी?”

वरच्या पट्टीवर ‘लिंक टू प्रीव्हिअस’ नावाचं एक बटण पेटलेलं होतं. ते विझवलं. ‘पहिली बदली’ लिहिलं. ‘बालपण’ आपल्या जागी, ‘पहिली बदली’ आपल्या जागी. एकूण १४ गेटं होती. सम पानांची वेगळी आणि विषम पानांची वेगळी, म्हणून २८. सासऱ्यांनी २८ रेघा मारल्या आणि गेट पडेल तशी एकेकीवर खूण केली. जगात कोट्यवधी लोक वर्ड वापरतात. सेक्शन ब्रेक पहिल्या दहा मिनिटांत कळलेला मला माहीत असलेला हा एकमेव माणूस, आणि तो आयुष्यभर सायकलवरून कालव्याच्या भरावावर फिरलेला.

त्यानंतर ते माझ्याकडे नुसते लेखक म्हणून येईनात, तपासणीला येऊ लागले. ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात म्हणून मी ‘जस्टिफाय’ केलं. मराठी शब्द लांब. ‘लाभक्षेत्रातल्यांनासुद्धा’ असा शब्द ओळीच्या शेवटी बसला नाही की अख्खा खाली जातो आणि वर राहिलेले चार शब्द दोन काठांना ताणून धरले जातात, मधे ढांगा टाकाव्या लागतील एवढ्या फटी. अशा तीन-चार ओळी एकाखाली एक आल्या की फटी जुळून पानावरून पांढरी वाट उतरते. सासऱ्यांनी ती लांबूनच ओळखली. “हे बघा, फुटलं. इथून पाणी जातंय.” आता गंमत म्हणजे इंग्रजी छपाईवाले या पांढऱ्या वाटांना नद्याच म्हणतात. हे मी त्यांना सांगायला नको होतं. पुढचे तीन रविवार त्यांनी गळती बुजवण्यात घालवले. शब्द बदलून. ‘अत्यंत’ काढून ‘फार’ घाल, ‘परंतु’ काढून ‘पण’ घाल. त्या पुस्तकाची भाषा सुधारली असेल तर ती साहित्यामुळे नव्हे, गळतीमुळे.

वर्डमध्ये ‘विडो-ऑर्फन कंट्रोल’ही असतो. परिच्छेदाची एकच ओळ पानाच्या तळाशी किंवा माथ्याशी एकटी पडू नये म्हणून. त्याबद्दल ते एवढंच म्हणाले, की विधवा आणि अनाथ समाजकल्याणकडे, आपल्याकडे नको.

अनुक्रमणिका वर्डने आपोआप करून दिली तेव्हा घरात पेढे आणायचे बाकी होते. त्याच संध्याकाळी मी दोन प्रकरणं एकत्र केली आणि पानांचे आकडे ताजे केले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. “अनुक्रमणिकेत सातव्या जागी ठळक अक्षरात ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइंड’ असं आहे. हे प्रकरण मी कधी लिहिलं?” मग जरा थांबून, “बदलीच्या वेळचं असेल तर नाव तसं वाईट नाही.”

राहता राहिली सुरुवातीची पानं. अर्धशीर्षक, शीर्षकपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत. प्रस्तावना एका निवृत्त अधीक्षक अभियंत्यांनी लिहिली होती. १४ पानं, त्यात सासऱ्यांचं नाव दोनदा आणि स्वतः प्रस्तावनाकारांनी बांधलेल्या पुलाचं नऊदा. या पानांना आकडे वेगळे द्यायचे असतात. मराठी पुस्तकात ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी देतात. वर्डच्या यादीत देवनागरी अक्षरी आकडे सापडले म्हणून मी आनंदाने लावले. ते हिंदी निघाले. अधीक्षक अभियंत्यांच्या गंभीर प्रस्तावनेखाली ‘एक’, ‘दो’, ‘तीन’ करत तेराच्याही पुढे आकडे चढत गेले आणि आमच्या घरात माधुरी दीक्षितची आठवण निघाली. ते आकडे मी हाताने घातले. कुठून कसे ते विचारू नका, त्यासाठी १४ गेटं आणखी पाडावी लागली.

कोऱ्या पानांवरून मात्र खरं भांडण झालं. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं तर मधे कुठे कुठे डावं पान कोरं राहतं. सरकारी कागदाच्या पाठीवर हिशेब करणाऱ्या माणसाला हे सहन होईना. “कोरं पान म्हणजे नापीक जमीन. तिथे निदान सुविचार घाला.” सुविचार घातले नाहीत. त्यांनी गुपचूप दोन ठिकाणी मोजणीचे तक्ते घातले, ते मी छापायच्या आदल्या रात्री काढले.

अर्पणपत्रिका सासूबाईंना करायची होती. त्या म्हणाल्या, “नको. मग मला वाचावं लागेल.”

कार्तिकात एका रविवारी सगळं जागच्या जागी बसलं. मी पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी उघडली. डावीकडे ‘शेवटच्या शेतापर्यंत’, उजवीकडे ‘दुष्काळातलं आवर्तन’, खाली पानांचे आकडे दोन बाहेरच्या कोपऱ्यांत. आणि अचानक ते पुस्तक दिसायला लागलं. सासरे काही बोलले नाहीत. त्यांच्या हातात पेन्सिल होती, ती त्यांनी खिशात ठेवली. तोवर ते दर पानावर दहा फेरफार करत होते. त्या दिवसापासून एकही नाही. छापलेल्यावर कोण खुणा करतो!

त्यातलं एक वाक्य मला आठवतं. “पाणी उताराकडे जातं.” ए-फोरवर, मंगलमध्ये, सात मुंग्या आत ढकललेलं हे वाक्य वाचून मी मनात म्हटलं होतं, बरं मग? तेच वाक्य डेमीवर, चांगल्या समासात, परिच्छेदाच्या शेवटी एकटं आलं आणि मी दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिलो. वाक्य तेच. समास अर्ध्या इंचाने वाढला होता.

हे सोंग जुनंच आहे म्हणा. गुटेनबर्गने १४५५च्या सुमाराला बायबल छापलं तेव्हा त्याची सगळी धडपड ते हाताने लिहिलेलं दिसावं यासाठी होती. अक्षरं लेखनिकाच्या वळणाची आणि रंगीत आद्याक्षरं नंतर हाताने काढायला जागा सोडलेली. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पंचांग छापलं तेव्हा सोवळ्यातल्या लोकांना शाईतल्या चरबीची शंका येऊ नये म्हणून शाईत तूप घातलं, असं सांगतात. छापलेल्या पोथ्याही कितीतरी वर्षं हस्तलिखितासारख्याच, आडव्या आणि सुट्या पानांच्या निघत राहिल्या, अजून निघतात. छापलेलं लिहिलेल्यासारखं दिसायला धडपडत होतं, आता टाइप केलेलं छापलेल्यासारखं दिसायला धडपडतं. मी फक्त रांगेत शेवटी होतो.

मग मी आणि सासरे फाइल घेऊन छापखान्यात गेलो. छापखान्याचं नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत, चहा दिला. तिथला वीस-बावीस वर्षांचा मुलगा संगणकासमोर बसला होता. मी त्याला सांगायला सुरुवात केली, की समास असे, गेटं अशी, म्हणजे सेक्शन असे, सम-विषम माथे वेगळे. त्याने मान हलवली, फाइल उघडली, सगळा मजकूर एका झटक्यात निवडला, उचलला आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला.

“साहेब, वर्डमधून आम्ही नुसता मजकूर घेतो. मांडणी आमची आमची असते.”

चार महिने. २८ गेटं. सगळं त्याने एवढ्या वेळात वाहून नेलं, जेवढ्या वेळात चहाचा कप अर्धा झाला नव्हता. सासरे मात्र त्या मुलाकडे कौतुकाने बघत होते. “हा खरा मुख्य कालवा,” म्हणाले.

त्या मुलाचा फॉन्ट जुना होता, युनिकोडच्या आधीचा. त्यामुळे मजकूर परत एकदा परिवर्तकातून गेला, या खेपेला उलट्या दिशेने. पहिलं प्रूफ आलं त्यात सूर्य, कार्यालय, भार्या सगळे ठीक होते. शेतकरी मात्र पुन्हा ‘शेतकर्यांना’ झाले होते, ४१२ ठिकाणी. मुलगा म्हणाला, “साहेब, आमच्या फॉन्टात तो आडवा र नाहीच आहे. लोक समजून घेतात.”

आणखी एक अडचण निघाली. छापखान्यात पुस्तक १६-१६ पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. ११ फॉर्म म्हणजे १७६ पानं. त्याच्या मांडणीत आमचं पुस्तक १७७ पानांचं झालं. एका पानासाठी बारावा फॉर्म घ्यायचा तर १५ पानं कोरी जाणार. सासऱ्यांनी ‘कोरी’ हा शब्द ऐकताच निर्णय घेतला. शेवटचं पान काढून टाका. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता. त्यात अधीक्षक अभियंते होते, टायपिंगवाला होता आणि तळाशी एक ओळ होती, की पुस्तकाच्या मांडणीसाठी आमच्या जावयांचे मोलाचे साहाय्य झाले.

‘शेवटच्या शेतापर्यंत’ माघात निघालं. १७६ पानं, पुठ्ठा बांधणी, १०० प्रती. मुखपृष्ठावर गेटाचं चित्र आहे, ते बंद आहे की उघडं हे चित्रकारालाही सांगता आलं नाही. १७ प्रती नातेवाइकांत, खात्यातल्या मित्रांत आणि गावच्या वाचनालयात गेल्या. ८३ आमच्या दिवाणाखाली आहेत. कुणाला हवी असेल तर पत्ता कळवा, टपालखर्च आमचा. सोबत एका ओळीचं शुद्धिपत्र येईल, की ‘शेतकर्यां’ जिथे असेल तिथे ‘शेतकऱ्यां’ वाचावे. ते कुठे चिकटवायचं ते तुम्हीच बघा, पुस्तकात कोरं पान ठेवलेलं नाही.